पाणी तापवायला बोअर मारायची का?

मागच्या अंकात मी हीट पंपाविषयी लिहिलं होतं. त्याचा सारांश असा : हीट पंप उष्णता तयार करत नाही, एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी नेतो. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून पाण्यात तीन-चार युनिट उष्णता घालता येते. लेखात जाता जाता एक वाक्य होतं, की थंड देशांत ही उष्णता घराखालच्या जमिनीतून घेतात. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. कोल्हापूर शहरातून, कागल, गारगोटी, वारणेकडून. काहींनी तर बोअरच्या गाडीवाल्याकडे दरही विचारून ठेवलाय. म्हणून हा महिना त्याच विषयाला.

नवीन वाचकांसाठी : मी रेफ्रिजरेशनची माणूस. वडिलांचा बर्फाचा कारखाना होता, आता उद्यमनगरात माझं चिलर (पाणी गार करणारी यंत्रं) आणि कोल्ड रूम दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. यंत्रं हाताखालून गेलेली आहेत, त्या अनुभवावरून उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा स्वीडनमध्ये असतो. त्यांच्या घराला बोअर आहे, पण तिच्यातून पाणी काढत नाहीत, उष्णता काढतात. घर आणि अंघोळीचं पाणी दोन्ही त्यावर. आम्ही राजारामपुरीत जुनं घर पाडून नवीन बांधतोय, चार माणसं आहोत. पाया खणतानाच अशी बोअर मारून घ्यावी का? गिझरचं बिल कायमचं सुटेल. (निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : बाई, मुलगा सांगतो ते अगदी खरं. स्वीडनमध्ये अशी पाच लाखांहून जास्त यंत्रं आहेत. १९७३ नंतर तेल महागलं तेव्हा त्या देशानं ही वाट धरली आणि सोडली नाही. कल्पना त्याहून जुनी आहे. केल्व्हिन या शास्त्रज्ञानं १८५२ मध्ये हीट पंपाचं तत्त्व मांडलं, आणि जमिनीतून उष्णता घेण्याचं पेटंट हाइनरिख झोली या इंजिनिअरनं १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये घेतलं.

बोअरमध्ये करतात काय, तर शंभर-दीडशे मीटर खोल भोक पाडून त्यात प्लास्टिकची जाड नळी खाली सोडतात आणि तळाशी वळवून परत वर आणतात. नळीभोवतीची पोकळी बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइट नावाच्या मातीच्या लगद्यानं भरून टाकतात. नळीत पाणी फिरत राहतं, तिकडे ते गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळतात. हे पाणी जमिनीतून दोन-चार अंशांची उष्णता घेऊन वर येतं आणि हीट पंपाच्या गॅसला देतं. गॅस कॉम्प्रेसरमध्ये दाबला की तापतो आणि ती उष्णता घरात सोडतो. विहिरीतलं पाणी मोटर जसं गच्चीवरच्या टाकीत चढवते, तसं हे यंत्र उष्णतेला खालच्या तापमानातून वरच्या तापमानात चढवतं. चढ जेवढा कमी, तेवढी वीज कमी. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जमिनीचं तापमान दहा मीटरच्या खाली वर्षभर जवळजवळ सारखं राहतं, आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. दक्षिण स्वीडनमध्ये ते सात-आठ अंश. बाहेर उणे दहा-पंधरा असताना पायाखाली अधिक आठ मिळणं ही मोठी गोष्ट आहे. हवेपेक्षा वीस अंशांनी कमी चढ, तोही नेमका घराला ऊब सगळ्यात जास्त लागते तेव्हा.

आता आपलं पाहू. कोल्हापुरात बोअरच्या पाण्यात मी थर्मामीटर घालते तेव्हा बहुतेक वेळा २६ ते २७ अंश दिसतात, जानेवारीतही आणि मेमध्येही. जानेवारीत पहाटे हवा १४-१५ अंशांवर असते, म्हणजे पहाटेपुरती जमीन सरस. पण त्याच दिवशी दुपारी दोन वाजता हवा तीस अंशांवर जाते. दुपारपर्यंत थांबलात तर हवाच जमिनीपेक्षा गरम, आणि तिच्यासाठी भोक पाडावं लागत नाही. इन्सुलेशनच्या टाकीत दुपारी तापवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला व्यवस्थित गरम असतं.

आकडे मांडून दाखवते. चार माणसांना रोज दोनशे लिटर गरम पाणी धरू. २५ अंशांचं पाणी ५५ वर न्यायला सात युनिट उष्णता लागते. गिझर सातच्या सात युनिट वीज खातो. हवेवरचा, म्हणजे हवेतून उष्णता घेणारा हीट पंप दोन युनिटांत काम भागवतो. जमिनीतून उष्णता घेणारा हीट पंप पहाटेच्या हवेशी तुलना केली तर या दोन युनिटांत आणखी पंधरा-वीस टक्के वाचवेल, म्हणजे साधारण एक तृतीयांश युनिट. त्यातलं बरंचसं नळीतलं पाणी फिरवणारा छोटा पंप खाऊन टाकेल. उरलेल्या दीड-दोन रुपयांसाठी दीड-पावणेदोनशे फूट काळा दगड फोडायचा, नळी सोडायची, लगदा भरायचा. हा खर्च तुमच्या नातवंडांच्या हयातीतही वसूल होणार नाही. हवेवरचा चालवायचा तर टायमर दुपारी बाराला लावा, हे मात्र कुणी कंपनीवाला आपणहून सांगत नाही.

तुम्हाला माझा स्पष्ट सल्ला : गच्चीवर पाणी तापवणारा सोलर बसवा. ऑक्टोबर ते मे तो जवळजवळ फुकट पाणी देईल. कोल्हापूरचा पाऊस तुम्ही जाणताच, जून अखेरीपासून सोलर मान टाकतो. तेवढ्या दिवसांसाठी गिझरऐवजी हवेवरचा छोटा हीट पंप ठेवा. पावसाळ्यात आपली हवा २२ ते २६ अंशांची आणि दमट असते. ही दमट हवा यंत्राच्या गार कॉइलवर, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या जाळीवर आली की तिच्यातली वाफ पाणी होते आणि होताना स्वतःची उष्णता यंत्राला देऊन जाते. सोलरच्या सगळ्यात वाईट दिवसांत हीट पंप झकास चालतो. कोल्हापूरला देवानं दिलेली ही जोडी आहे, ती सोडून जमिनीत जाऊ नका.

बांधकाम चालू असताना करण्यासारखं एक काम मात्र आहे. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतच्या गरम पाण्याच्या नळीला चांगलं इन्सुलेशन घ्या आणि टाकी न्हाणीच्या शक्य तितकी जवळ ठेवा. आपल्याकडे बंगल्यांमध्ये नळ सोडल्यावर बादलीभर गार पाणी वाहून जातं, मग गरम पाणी यायला लागतं. ती बादली रोजची आहे.

प्रश्न : जमिनीतली ही उष्णता म्हणजे राजापूरच्या उन्हाळ्यात (गरम पाण्याच्या झऱ्यात) जी येते तीच का? मग आपल्याकडे खोल बोअर मारली तर गरम पाणीच का लागत नाही? (अकरावीचा विद्यार्थी, वारणानगर)

उत्तर : प्रश्न आवडला. नाही, या दोन वेगळ्या उष्णता आहेत, आणि मोठी माणसंही त्यात गल्लत करतात.

शंभर-दोनशे फुटांवर जी ऊब आहे ती मुख्यतः सूर्याची. वर्षभर ऊन, पाऊस, थंडी जमिनीच्या वरच्या थरात मुरत राहतात. दिवस-रात्रीचा फरक हात-दोन हात खोलवर विरतो, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दहा मीटरपर्यंत पोचून संपतो. त्याखाली सगळ्या ऋतूंची सरासरी उरते. पृथ्वीच्या पोटातून वर झिरपणारी उष्णता फार थोडी आहे, चौरस मीटरमागे एका वॅटच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्याच चौरस मीटरवर सूर्याकडून दिवस-रात्रीची सरासरी काढली तरी दोनशे वॅटच्या आसपास येतात.

खोल गेलं की तापमान वाढतं हे बरोबर, पण दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. म्हणजे तुझ्या शेतातल्या तीनशे फुटी बोअरमध्ये वरच्यापेक्षा जेमतेम दोन-अडीच अंश जास्त. आपल्या भागाची खरी खोली पाहायची असेल तर कोयनेकडे बघ. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथला भूगर्भ शास्त्रज्ञांच्या कायम अभ्यासाचा विषय झाला, आणि अलीकडच्या काळात तिथे सुमारे तीन किलोमीटर खोल संशोधन-बोअर घेतली गेली. सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा बेसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. आपण ज्याच्यावर राहतो तो दगड किती जाड आहे याची कल्पना त्यावरून ये‍ईल.

राजापूरजवळ गरम झऱ्याला येणारं पाणी पावसाचंच असतं, पण ते भेगांमधून फार खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेनं लवकर वर येतं, वाटेत गार व्हायला वेळ मिळत नाही. कोकणात किनाऱ्याला समांतर अशा भेगांची रांग आहे, म्हणून वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत झरे सापडतात. अणुस्कुरा घाट चढून अलीकडे आलं की ती रांग मागे राहते. लडाखमध्ये पुग्याला वाफ वर येते, तिथे वीज करायचा प्रयत्न चालू आहे, तीही खोलवरचीच उष्णता. हीट पंपाला असं काही लागत नाही. त्याला २६ अंशांचा साधा दगड चालतो, कोरडी बोअरसुद्धा चालते. पाणाड्याला बोलवायची गरज नाही.

प्रश्न : आमची वीस फूट रुंद गोल विहीर हाय घराशेजारीच. उन्हाळ्यात त्या पाण्यात पाय सोडला तर गार वाटतं आणि थंडीत त्याच पाण्यातनं वाफा निघत्यात. या पाण्यावर एसी चालवता येईल का? पत्र्याचं घर हाय, एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्या आईला लई त्रास होतो. (शेतकरी, करवीर तालुका)

उत्तर : दादा, तुम्ही जे बघितलंय तेच मी वर सांगितलं. पाणी बारा महिने २६ अंशांच्या आसपासच असतं, बदलते ती हवा. पन्हाळ्यावरच्या अंधारबावेत मे महिन्यात उतरून बघा, तीच गोष्ट अंगाला कळते. आणि जमिनीचा खरा उपयोग आपल्याकडे याच बाजूनं आहे, तापवायला नाही तर गार करायला.

एसी म्हणजे हीट पंपच. खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. मे महिन्यात बाहेर ३८ अंश असताना आउटडोअर युनिटमधला गॅस पन्नास अंशांपर्यंत चढवावा लागतो. तोच जर विहिरीच्या पाण्यानं थंड केला तर चाळीसच्या आत काम होतं. चढ दहा अंशांनी कमी झाला की वीज साधारण चौथ्या हिश्श्यानं कमी लागते. आणि ऐन दुपारी, जेव्हा हवेवरचा एसी धापा टाकतो, तेव्हा हा निवांत चालतो.

तुमची विहीर किती उष्णता पचवेल याचा हिशेब केला. पाच मीटर पाणी असेल तर एक लाख चाळीस हजार लिटर होतं. एवढं पाणी एक अंशानं तापवायला एकशे साठ युनिट उष्णता लागते. एका टनाचा एसी दिवसाला वीस-एकवीस युनिट उष्णता फेकेल. म्हणजे आठवड्याला एक अंश, तेही झरे बंद आहेत आणि दगड काहीच शोषत नाही असं धरून. काही अडचण नाही. पण मे अखेर पाणी तळाला जाऊन मीटरभर उरत असेल तर दीड-दोन दिवसाला एक अंश चढेल आणि पंधरा दिवसांत फायदा संपेल. तेव्हा आधी मेमध्ये दोरी सोडून पाणी किती राहतं ते मापा आणि मला कळवा.

पाणी उपसून यंत्रातून फिरवायचं की नळीचं वेटोळं विहिरीत सोडायचं, हा पुढचा प्रश्न. उसाला पाणी देताना तेच पाणी यंत्रातून पुढे नेलं तर वेगळा उपसा लागत नाही, चार-पाच अंशांनी ऊन झालेल्या पाण्यानं उसाचं काही बिघडत नाही. मिनिटाला बारा-तेरा लिटर एवढंच लागतं. पण शेतीची वीज पाळीपाळीनं येते, कधी रात्रीची, आणि आईंना गारवा हवा दुपारी. म्हणून वेटोळं बरं. त्यात आतलं पाणी तेच तेच फिरतं, विहिरीतला क्षार यंत्रात जात नाही. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं, हीट एक्स्चेंजरमध्ये (गॅस आणि पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या भागात) ते पांढरा थर धरतं आणि दर वर्षी ॲसिडनं धुवायला लागतं.

एक सांगणं माझं कर्तव्य आहे. एका टनाचा पाण्यावरचा तयार एसी दुकानात सहज मिळत नाही, बनवून घ्यावा लागतो, आणि तो सांभाळणारा मेकॅनिक जवळ हवा. त्याआधी स्वस्तातलं काम करा. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, खाली इन्सुलेशनची शीट मारा, आणि आईंच्या खोलीत गाडीच्या रेडिएटरसारखी कॉइल लावून पंख्यामागे विहिरीचं पाणी फिरवा. कॉम्प्रेसरच नाही. पस्तीस-छत्तीसची खोली तीस-एकतीसवर येईल. एसीचा गारवा नाही तो, पण म्हाताऱ्या माणसाच्या छातीला तो मानवतो. या उन्हाळ्यात हे करून बघा, एसीचं पुढच्या वर्षी ठरवू.

प्रश्न : आमच्या दूध संस्थेत दूध गार करायचा एक हजार लिटरचा बल्क कूलर आहे. तो बाहेर इतकी गरम हवा फेकतो की मागच्या बाजूला उभं राहवत नाही. आणि आत टाकी, कॅन, नळ्या धुवायला आम्ही विजेच्या हीटरनं पाणी तापवतो. तुमचा लेख वाचून मनात आलं, जमिनीतली उष्णता घेऊन हे पाणी तापवता येईल का? (सचिव, दूध संस्था, गारगोटीजवळ)

उत्तर : सचिवसाहेब, तुमच्या पत्रातच तुमचं उत्तर आहे. मागच्या भिंतीबाहेर जे उभं राहू देत नाही तेच तुमचं गरम पाणी आहे. जमिनीत कशाला जायचं? तुमच्याकडे हीट पंप आधीपासून बसवलेला आहे. तुम्ही त्याची गार बाजू वापरता आणि गरम बाजू आभाळाला देऊन टाकता.

हे मला लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसत आलंय. बर्फाच्या कारखान्यात एका बाजूला मिठाच्या पाण्यात लाद्या गोठत असायच्या आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या अमोनियाच्या नळीला हात लावायची सोय नसायची, ती शंभर अंशांच्या वर तापलेली असायची. ती सगळी उष्णता मोजून-मापून पाण्यावर सोडून हवेत घालवायची, आणि पलीकडच्या हॉटेलात लाकूड जाळून पाणी तापायचं. भिंत एकच. या वाया जाण्याची मला तेव्हापासून चीड आहे.

तुमचा हिशेब असा. हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ वर आणायला त्यातून पस्तीस युनिट उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसर त्यासाठी अकरा-बारा युनिट वीज घेतो, तीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे मागच्या बाजूनं रोज सेहेचाळीस-सत्तेचाळीस युनिट बाहेर पडतात. यातले निम्मे पकडले तरी साडेसहाशे लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर जातं. तुमच्या धुण्याला एवढं लागतही नसेल.

करायचं काय, तर कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर सोडणारा भाग) यांच्या मधल्या गरम गॅसच्या नळीवर पाण्याचा हीट एक्स्चेंजर बसवायचा आणि शेजारी इन्सुलेशनची टाकी ठेवायची. गॅस आधी पाण्याला उष्णता देईल, उरलेली पंख्याच्या कंडेन्सरला. पंख्याचं ओझंही कमी होतं. धुण्याला सत्तर अंशांचं पाणी लागतं असं म्हणाल, तर पंचावन्नपर्यंत हे फुकट न्या आणि वरचे पंधरा अंश हीटरनं चढवा. हीटरचं दोन तृतीयांश काम तिथेच संपलं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, हीट एक्स्चेंजर दुहेरी भिंतीचा घ्या, म्हणजे कधी गळती झालीच तर गॅस आणि तेल पाण्यात येणार नाही. दुधाच्या जागी यात तडजोड नको. दुसरं, पाणी आणखी गरम मिळावं म्हणून कुणी कंडेन्सरचा दाब वाढवायला सांगितलं तर ऐकू नका. मग चढ वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि दूध उशिरा गार होतं. दूध हे पहिलं, पाणी दुसरं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं तेव्हाच गरम पाणी तयार होतं आणि धुणं त्यानंतर लगेच असतं, म्हणून टाकीही फार मोठी लागत नाही. इतकं जुळून आलेलं काम आमच्या धंद्यात क्वचित दिसतं. तुमच्या तालुक्यातल्या दुसऱ्या संस्थांनाही हे वाचायला द्या.

प्रश्न : गुऱ्हाळात हीट पंप चालेल का? चुलवाणाचा धूर कमी होईल. (गुऱ्हाळमालक, कागल)

उत्तर : नाही चालणार. बाजारातला हीट पंप साठ-सत्तर अंशांपर्यंत चांगला, ऐंशीच्या पुढे त्याची दमछाक. काहिलीतला रस शंभरच्या वर उकळतो आणि गूळ उतरताना एकशे पंधरा-अठरावर जातो. शिवाय तुमचं जळण म्हणजे तुमचंच चिपाड. धूर कमी करायचा असेल तर चुलवाणाची हवा आणि चिमणी सुधारा, आणि चिपाड नीट वाळवून घाला. धुराड्यातून जाणाऱ्या उष्णतेवर रस आधी कोमट करून मग काहिलीत सोडता येतो, त्याचा फायदा लगेच दिसतो.

प्रश्न : आमचं घर पूररेषेत आहे. २०१९ आणि २०२१ ला तळमजल्यावर पाणी होतं. असं यंत्र बुडालं तर? जमिनीतल्या नळ्यांचं काय होतं? (व्यापारी, शाहूपुरी)

उत्तर : जमिनीतल्या बंद नळीला पुरानं काही होत नाही, उलट भिजलेली जमीन उष्णता जास्त चांगली वाहते. धोका वरच्या यंत्राला. कॉम्प्रेसर आणि कंट्रोलचा डबा बुडाला की खर्च नव्याइतकाच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या भिंतीवर त्या वर्षीची खूण असेलच, तिच्या दोन फूट वर यंत्र बसवा. तळमजल्यावर काहीही ठेवू नका, गिझरसुद्धा.

प्रश्न : आमचं तीस खाटांचं हॉस्पिटल बांधायचं चाललंय. साधारण वीस टन एसी आणि रोज दोन हजार लिटर गरम पाणी लागेल. एका पुण्याच्या ठेकेदारानं जमिनीतल्या बोअरवर सगळं चालवायचा प्रस्ताव दिलाय, चाळीस टक्के वीज वाचेल म्हणतो. आमच्याकडे पार्किंगची मोकळी जागा आहे. काय करावं? (डॉक्टर, कोल्हापूर)

उत्तर : डॉक्टर, तुमच्याकडे गारवा आणि गरम पाणी दोन्ही एकाच वेळी लागतात, म्हणून तुमचा विचार गंभीरपणे करायला हवा. पण क्रम ठेवा.

आधी एसीची फेकलेली उष्णता पाण्यात घ्या, दूध संस्थेला सांगितलं तसं. वीस टन एसी दिवसातले पाच तास पूर्ण ताकदीनं चालला असं धरलं तर तो चारशे चाळीस युनिट उष्णता फेकतो. तुमच्या दोन हजार लिटर पाण्याला सत्तरच लागतात. पाणी तर यातच आलं. टाकी मात्र साठ अंशांवर ठेवा. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जंतू वाढतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता उरले रोजचे पावणेचारशे युनिट. हे जमिनीत सोडायचे म्हटलं तर आपल्या बेसाल्टमध्ये बोअरच्या दर मीटरला चाळीस ते पन्नास वॅट धरता येतात. टनामागे सुमारे तीनशे फूट. वीस टनांना तीनशे तीस फुटांच्या सतरा-अठरा बोअर, एकमेकींपासून पाच-सहा मीटर लांब. पार्किंगखाली बसतील. पण स्वीडनमध्ये हिवाळ्यात उष्णता काढतात आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात परत भरतात, हिशेब बरोबर राहतो. तुम्ही बारा महिने भरतच राहणार. जवळजवळ असलेल्या बोअरींमधला दगड वर्षागणिक तापत जाईल, आणि पहिल्या वर्षी दिसलेली बचत पाचव्या वर्षी दिसेल याची खात्री नाही. जमिनीखालून पाणी वाहत असेल तर ते उष्णता वाहून नेतं, पण तुमच्या प्लॉटखाली ते वाहतं की नाही हे मोजल्याशिवाय कुणी सांगू नये.

दुसरा पर्याय कूलिंग टॉवर, म्हणजे गरम पाणी हवेत शिंपडून गार करणारा मनोरा. कोल्हापुरात तो वर्षातले बरेच दिवस २६ ते २८ अंशांचं पाणी देतो, म्हणजे जमिनीइतकंच गार. त्याला रोज हजारभर लिटर पाणी लागेल, ती त्याची किंमत. मला विचाराल तर : गरम पाण्यासाठी उष्णता पकडणं नक्की, टॉवर मुख्य, आणि बोअर घ्यायच्याच असतील तर चार-पाच, टंचाईच्या महिन्यांत टॉवरचं पाणी वाचवायला. बाकीचे महिने त्यांना विश्रांती मिळाली की दगडही पूर्ववत होतो.

ठेकेदाराला भेटाल तेव्हा पहिली मागणी चाचणी-बोअरची करा. एक बोअर घेऊन त्यात किमान ४८ तास सतत गरम पाणी फिरवतात आणि जमीन किती शोषते ते मोजतात. त्याशिवाय बोअरींची संख्या ठरवणं म्हणजे तपासणीशिवाय ऑपरेशन. भोकं लगद्यानं तळापासून वरपर्यंत भरणार का, ते लेखी घ्या. न भरलेल्या भोकातून वरचं घाण पाणी खालच्या चांगल्या पाण्यात उतरतं आणि शेजारच्यांच्या बोअरी नासतात. जर्मनीत स्टाउफेन गावी २००७ मध्ये नगरपालिकेच्या इमारतीसाठी १४० मीटर खोल बोअर घेतल्या, खालच्या ॲनहायड्राइट या खनिजाच्या थरात पाणी शिरलं, तो फुगला आणि जुन्या गावातल्या शेकडो इमारतींना तडे गेले. आपल्या बेसाल्टमध्ये तो थर नाही, ती भीती नको. पण जमीन नीट न वाचता भोक पाडलं तर काय होतं, हे त्या गावानं भोगलं.

आणि चाळीस टक्के हे कशाच्या तुलनेत, ते विचारा. गिझर आणि जुन्या एसीच्या तुलनेत चाळीस टक्के कुणीही दाखवेल. चांगला चिलर, टॉवर आणि उष्णता पकडणारा हीट एक्स्चेंजर एका बाजूला ठेवून, बोअरींमुळे वर्षाला किती युनिट जास्त वाचतील, पहिल्या वर्षी आणि दहाव्या वर्षी, हे दोन आकडे त्यांच्या सहीनं मागा. आले की कागद वर्कशॉपवर पाठवा, मी बघून देते.